कवळी, तोंडातली जखम आणि सतरा फेऱ्या

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी दसरा होता. बडोद्यात त्या दिवशी सकाळी फाफडा-जलेबी आणण्याचा प्रघात आहे आणि दांडिया बाजारातील आम्हा मराठी घरांनीही तो पूर्वीच उचललेला आहे; आपट्याची पाने घरात येण्याआधी फाफड्याची पुडी येते. त्या पुडीतला एक तुकडा मी डाव्या बाजूने चावला, खालची कवळी किंचित सरकली आणि तिची कड हिरडीत रुतली. डोळ्यांत पाणी आले आणि ओसरलेही. रात्री आरशासमोर ओठ ओढून पाहिले तेव्हा डावीकडे, हिरडी आणि गाल जेथे मिळतात त्या खाचेत, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरट चट्टा दिसला.

मी एकाहत्तर वर्षांचा निवृत्त लेखापाल आहे. रोजचा खर्च आणि औषधपाणी वहीत लिहिण्याची सवय नोकरीतून लागली ती सुटली नाही, त्यामुळे पुढच्या तारखा आणि रकमा आठवणीतल्या नसून वहीतल्या आहेत. माझ्या वयाची, कवळी वापरणारी बरीच मंडळी ‘तोंड आले आहे’ एवढेच म्हणून महिनोन्‌महिने काढतात. मीही तेच केले होते, म्हणून जे झाले ते क्रमाने लिहून ठेवतो.

पहिले सोळा दिवस मी घरीच उपचार केले. लवंगेचे तेल लावले, त्याने जखम भाजून निघाल्यासारखी झाली आणि तिचा घेर वाढला. मग औषधाच्या दुकानातून बधिर करणारे मलम (९५ रुपये) आणि कवळी चिकटवण्याची पावडर (२८० रुपये) आणली. मलमामुळे दुखणे कळेनासे झाले, पावडरीमुळे कवळी हलेनाशी झाली, आणि या दोहोंच्या जोरावर मी रुतणाऱ्या कडेनेच दोन वेळ पोळी चावत राहिलो. दुखणे झाकले की कारण नाहीसे होते असे मी त्या काळात खरोखरच धरून चाललो होतो, हे आता लिहितानाही ओशाळवाणे वाटते.

२८ ऑक्टोबरला जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तपासणीचे तीनशे रुपये घेऊन डॉक्टरांनी कवळीची कड यंत्राने थोडी घासून दिली, पाच मिनिटांत काम झाले. वरची कवळी काढून पाहण्याची, किंवा मला मधुमेह आहे काय हे विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही. नवी कवळी करायची असेल तर बावीस हजार रुपये होतील असे त्यांनी सांगितले. दिवाळीत चकली आणि शंकरपाळे ताटातून परत गेले. ‘‘अहो, महिना झाला आता,’’ असे पत्नी रोज म्हणू लागली आणि तिच्या बोलण्यातला न उच्चारलेला शब्द मलाही ऐकू येत होता, कारण नोकरीत असताना २००१ सालापर्यंत मी तंबाखू खात असे.

११ नोव्हेंबरला, सोमवारी, शहराबाहेरच्या एका दंतमहाविद्यालयात गेलो. खिडकीवर आधारकार्ड दाखवून तीस रुपयांचा केसपेपर काढावा लागतो. खिडकी नऊला उघडते, पण साडेआठलाच रांग लागलेली असते. केसपेपर एका विभागातून दुसऱ्या विभागात आपणच हातात घेऊन फिरायचा असतो आणि प्रत्येक ठिकाणी त्यावर शिक्का पडतो, म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा. पहिल्या दिवशी मी साडेआठ ते दीड तेथे होतो. मधुमेह असणाऱ्यांनी खाण्याचे काही बरोबर नेलेच पाहिजे. मी केळे नेले होते, आणि तोंडाची ती अवस्था असताना केळ्यावाचून दुसरे काही चालले नसते.

माझी तपासणी करणारी पदव्युत्तर वर्गातील डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची होती. ‘‘काका, चोकठुं काढा,’’ असे तिने गुजरातीत सांगितले. आपण जिला कवळी म्हणतो तिला येथे चोकठुं म्हणतात. मी खालची काढून दिली. ती म्हणाली, दोन्ही काढा. वरची मला कधीच दुखली नव्हती, तिचा या प्रकरणाशी काय संबंध, असे मी म्हणालो. तिने वाद घातला नाही. कवळी काढून घेतली, टाळूवर दिव्याचा झोत टाकला आणि हातात आरसा दिला. माझी टाळू लालभडक होती, आणि तो लाल भाग जेथे संपत होता ती रेघ कवळीच्या कडेबरहुकूम होती, जणू कोणी कवळी ठेवून भोवती पेन्सिल फिरवली असावी.

मग तिने मला दोन वेगळ्या गोष्टी समजावल्या, आणि पुढचे सगळे या फरकामुळेच मार्गी लागले. खालची जखम ही घासल्यामुळे आणि दाबामुळे झालेली जखम. अशी जखम दुखते आणि जेथे कड लागते नेमकी तेथेच होते. टाळूवरचा लालपणा हा कवळीखालचा दाह. त्यात कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा हात असतो, तो बहुधा दुखत नाही आणि म्हणून वर्षानुवर्षे कळत नाही. पहिल्याचे कारण मुख्यतः कवळीत सापडते, दुसऱ्याची बरीचशी कारणे कवळी वापरणाऱ्याच्या सवयींत आणि शरीरात सापडतात. माझ्या तोंडात दोन्ही एकाच वेळी नांदत होते, आणि मी फक्त बोलक्या दुखण्याकडे लक्ष देत होतो.

‘‘रात्री काढून ठेवता का?’’ हा तिचा पुढचा प्रश्न. नाही, असे उत्तर देताना मला कारणही सांगावेसे वाटले. २०१४ साली कवळी बसली तेव्हापासून मी ती झोपताना काढली नव्हती. मध्यरात्री कोणी दार वाजवले तर बोळक्या तोंडाने दार कसे उघडायचे, ही ती भीती. दहा वर्षांत मध्यरात्री कोणीही दार वाजवले नाही. डॉक्टरने हसणे आवरले आणि सांगितले की झोपेत लाळ कमी सुटते, कवळीखालच्या त्वचेला लाळेचे धुणे मिळत नाही आणि सतत दाबाखाली राहिलेल्या त्या ओलसर जागेत बुरशी वाढते. रात्रंदिवस कवळी घालून ठेवणे हे या दाहाच्या ठळक कारणांपैकी एक आहे. पुढे तिने एका बारीक हत्याराने माझ्या वरच्या कवळीची आतली बाजू खरवडली आणि टोकावर जमलेला पिवळट साका मला दाखवला. मी कवळी रोज टूथपेस्ट लावून घासत होतो, परंतु दातांच्या बाजूने. टाळूला चिकटणारी बाजू नळाखाली धरली की झाले, अशी माझी समजूत होती. शिवाय टूथपेस्टमुळे कवळीच्या अॅक्रिलिक प्लॅस्टिकवर बारीक चरे पडतात आणि त्या चऱ्यांत बुरशीला घर मिळते, म्हणजे मी स्वच्छतेच्या नावाखाली तिची सोयच करीत आलो होतो.

औषधांच्या सगळ्या पट्ट्या मी पिशवीतून नेल्या होत्या. ही एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी बरोबर केली. तिने एकेक पट्टी वाचली. रक्तदाबासाठी मी घेत असलेल्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एक गोळी होती, तिने तोंड कोरडे पडू शकते. लाळेचा पातळ थर हा कवळी आणि हिरडी यांच्यामधले वंगण असतो आणि कवळीला धरूनही ठेवतो. तो आटला की कवळी सुटते आणि घासतेही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनमुळे दीर्घकाळात शरीरातले बी-१२ कमी होऊ शकते, त्यात मी शाकाहारी. हृदयासाठी निकोरँडिल किंवा संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट घेता काय, हेही तिने आवर्जून विचारले, कारण या औषधांमुळेच काहींच्या तोंडात व्रण होतात आणि दोष मात्र कवळीला लागतो. मी ती घेत नव्हतो. घेत असतो तरी स्वतःहून बंद करायची नसतात, ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचे असते, असे तिने बजावले.

बाकावर माझ्या शेजारी बडोद्याजवळच्या पादरा गावाहून आलेल्या एक आजी होत्या. त्यांना दम्यासाठी पंप होता आणि तोंडात पांढरे थर धरले होते. पंप घेतल्यावर चूळ भरायची असते, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळले. आम्ही दोघेही बराच वेळ गप्प बसलो होतो.

त्या दिवशीचा निर्णय असा झाला: खालची कवळी दोन आठवडे अजिबात घालायची नाही, वरची फक्त जेवताना आणि बाहेर जाताना, आणि रक्ताच्या तपासण्या करून परत यायचे. कारण दूर केल्यावर कवळीची साधी जखम दोन आठवड्यांत भरून यायला हवी. नाही आली तर तिचा तुकडा काढून तपासावा लागतो. तंबाखूची सवय सुटून किती वर्षे झाली हे तिने केसपेपरवर लिहून घेतले.

तपासण्यांना ११५० रुपये लागले. १३ नोव्हेंबरला अहवाल घेऊन गेलो: तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.४, हिमोग्लोबिन ११.१, बी-१२ कमी. ‘गोळी चालू आहे म्हणजे साखर ठीक आहे’ या भरवशावर मी चौदा महिने साखर तपासलीच नव्हती. वाढलेल्या साखरेत जखम उशिरा भरते आणि बुरशीला पोषक वातावरण मिळते. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना पडणाऱ्या चिरा मी थंडीच्या नावावर घालीत असे. त्यांचाही संबंध बुरशीशी, रक्ताच्या कमतरतेशी आणि झिजलेल्या कवळीशी लागला. दात झिजून उंची कमी झाली की तोंड मिटताना जबडे नको इतके जवळ येतात, ओठांच्या कोपऱ्यांत घडी पडते आणि तेथे लाळ साचून राहते. आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरांनी साखरेची औषधे बदलली आणि बी-१२ची इंजेक्शने सुरू केली.

ते दोन आठवडे वरणभात, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी आणि ताकावर गेले. लोकांत जाणे मी टाळले. दिवाळीनंतरच्या एका लग्नाला गेलो नाही आणि पोट बिघडल्याचे खोटे कारण दिले.

२५ नोव्हेंबरला जखम निम्म्याने लहान झाली होती, पण गेली नव्हती, आणि तिची एक कड बोटाला किंचित टणक लागत होती. विभागप्रमुखांनी हातमोजा घालून ती दोनदा चाचपली आणि विद्यार्थिनीला इंग्रजीत काही सांगितले. मला त्यातला ‘बायॉप्सी’ एवढाच शब्द कळला. साखर वाढलेली असल्यामुळे भरायला वेळ लागत असणे शक्य आहे, तथापि दोन आठवड्यांचा नियम हा नियम आहे आणि पूर्वी तंबाखू खाल्लेल्या माणसाच्या बाबतीत तो मोडायचा नाही, असे त्यांनी मला नंतर गुजरातीत समजावले. त्यांच्या स्वरात घाई किंवा दिलासा यांपैकी काहीच नव्हते, आणि ते मला बरे वाटले.

२७ नोव्हेंबरला तुकडा काढला. त्याआधी संमतिपत्र भरायचे होते, त्यावर नातेवाइकाची सही लागते, आणि मी एकटाच गेलो होतो. पत्नी रिक्षाने येईपर्यंत माझा क्रमांक निघून गेला आणि दीड तास थांबावे लागले. तेव्हा त्या दिवशी कोणाला तरी बरोबर न्यावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे आधी विचारतात. प्रत्यक्ष क्रिया दहा मिनिटांची होती. सुई टोचली तेवढेच दुखले, दोन टाके पडले, पाचशे रुपये लागले. ४ डिसेंबरला टाके काढले आणि अहवाल ९ डिसेंबरला मिळेल असे सांगण्यात आले.

त्या बारा दिवसांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही, तरी ते वहीत सर्वांत जास्त जागा खाऊन बसले आहेत. मी बँकेची कागदपत्रे एका फाइलीत लावली. मुदतठेवींवर पत्नीचे नाव आहे ना, हे दोनदा पाहिले. तिने ती फाइल पाहिली आणि काही न बोलता पुन्हा कपाटात ठेवली. संध्याकाळी सूरसागर तलावाच्या कडेने फिरताना आम्ही भाजीच्या भावांबद्दल बोलत होतो.

९ डिसेंबरला अहवालाचा कागद खिडकीवरच हातात पडला. तो इंग्रजीत होता आणि मला शेवटची ओळ तेवढी वाचायची होती: दीर्घकाळ दाह झालेला साधा व्रण, कर्करोगाची कोणतीही लक्षणे नाहीत. मी तो पत्नीला दाखवला. तिने चष्मा पुसला, कागद वाचला आणि म्हणाली, ‘‘आता तरी रात्री काढून ठेवा.’’

१२ डिसेंबरपासून टाळूवर उपचार सुरू झाले. वरच्या जुन्या कवळीला आतून एक मऊ अस्तर लावून दिले (२०० रुपये). सुजलेल्या त्वचेला विसावा मिळावा म्हणून ते तात्पुरते लावतात आणि ते खराब होऊ लागले की बदलावे लागते. क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशक औषधाचे द्रावण टाळूवर लावायचे आणि कवळीच्या आतल्या बाजूलाही. हा दुसरा भाग बरेच जण विसरतात, मग टाळू बरी होते आणि कवळीतली बुरशी तिला पुन्हा लागते. रात्रीचा क्रम मला लिहूनच दिला: कवळी साध्या साबणाने आणि मऊ ब्रशने आतून-बाहेरून घासायची, तीही पाण्याने अर्ध्या भरलेल्या भांड्यावर धरून, म्हणजे हातातून निसटली तर फुटणार नाही, नंतर ती झाकणाच्या वाटीत थंड पाण्यात बुडवून ठेवायची, कारण कोरडी राहिली किंवा गरम पाण्यात टाकली तर तिचा आकार बिघडतो, आणि हिरड्या, टाळू व जीभ ओल्या मऊ फडक्याने पुसून घ्यायची. तोंड ओले राहावे म्हणून पाण्याचा घोट वरचेवर घ्यायचा. चिकटवण्याची पावडर बंद केली, कारण ढिली कवळी पावडरीवर चालवत राहिले की ती ढिली असल्याचेच विसरायला होते.

पहिल्या रात्री बोळक्या तोंडाने झोप आली नाही. तिसऱ्या रात्री आली. दार अजूनही कोणी वाजवलेले नाही.

२६ डिसेंबरपर्यंत टाळूचा रंग बराच निवळला होता आणि खालची जखम पूर्ण भरली होती. नव्या कवळीचे माप त्याआधी घेत नाहीत, कारण सुजलेल्या त्वचेवर घेतलेले माप सूज उतरल्यावर खोटे ठरते. ‘लवकर माप घ्या’ असा आग्रह मी नोव्हेंबरातच धरला होता, तो त्यांनी मानला नाही हे चांगले झाले. जुनी कवळी दुरुस्त का होत नाही, असेही मी विचारले. दात काढल्यानंतर जबड्याचे हाड झिजत राहते, पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने आणि पुढे हळूहळू, आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा पुष्कळ जास्त झिजतो. विभागप्रमुखांनी विद्यार्थ्यांसमोर टालग्रेन या संशोधकांच्या १९७२ सालच्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्यात ही झीज खाली वरच्या सुमारे चौपट आढळली होती. त्यातच खालच्या कवळीला टेकायला मिळणारी जागाही वरच्या कवळीच्या सुमारे निम्मीच असते. दहा वर्षांत माझी हिरडी खाली गेली, कवळी तीच राहिली आणि तिची कड खाचेत रुतू लागली. फाफडा हे केवळ निमित्त होते.

नव्या कवळीचे २४०० रुपये खिडकीवर भरले. पुढचे काम खासगी दवाखान्यात करवले तर पाच फेऱ्यांत उरकते. महाविद्यालयात प्रत्येक पायरीवर शिक्षकांची सही झाल्याशिवाय विद्यार्थ्याला पुढे जाता येत नाही, म्हणून ते लांबते. ६ जानेवारीला पहिले माप, ९ ला दुसरे, नेमके माप. मग उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुट्ट्या आल्या. २० जानेवारीला मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून जबड्यांची उंची ठरवली, ती शिक्षकांना पसंत पडली नाही आणि २४ ला पुन्हा ठरवली. त्या दिवशी मी थोडा चिडलो. नंतर समजले की ही उंची किंवा चावा चुकला तर कवळी एका बाजूला जास्त दाबते आणि जखमा तेथूनच सुरू होतात, म्हणजे ती फेरी वाया गेलेली नव्हती. ३१ ला मेणात बसवलेले दात घालून पाहिले. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी कवळी मिळाली.

नवी कवळी म्हणजे आता सुटलो, असे मानणाऱ्यांसाठी पुढचे मुद्दाम लिहितो. दुसऱ्याच दिवशीच्या तपासणीत काही दिसले नाही, मात्र १५ ला जिभेच्या बाजूला उजवीकडे टोचू लागले आणि संध्याकाळपर्यंत गिळताना दुखू लागले. मी घाबरून ती काढून ठेवली आणि १७ ला तशीच रुमालात गुंडाळून घेऊन गेलो. डॉक्टरने तोंड पाहिले आणि म्हणाली, काका, खूण पुसून गेली, आता कड कोठे लागते ते कसे शोधू? कवळी लागत असेल तर एरवी काढून ठेवावी, परंतु दाखवायला जाण्याच्या आदल्या दिवशी किंवा निदान काही तास आधी घालून जावे, म्हणजे लाल ठिपका स्पष्ट दिसतो. हे मला कोणी आधी सांगितले असते तर एक फेरी वाचली असती.

२० फेब्रुवारीला सकाळपासून घालून गेलो. तिने कवळी काढली, जखमेची जागा कापसाने कोरडी केली आणि जांभळ्या पेन्सिलीचे टोक त्या ठिपक्यावर टेकवले. कवळी पुन्हा बसवून अलगद दाबली आणि काढली. गुलाबी अॅक्रिलिकच्या कडेवर, आतल्या अंगाला, मोहरीएवढा जांभळा ठिपका उमटला होता. तेवढाच भाग तिने घासला, पाणी लावून गुळगुळीत केला, बोट फिरवून पाहिले आणि मलाही फिरवायला सांगितले. चार महिने माझ्या जेवणाचा, झोपेचा आणि बँकेच्या फाइलींचा विषय होऊन बसलेली गोष्ट किती लहान जागेत मावते, हे मी त्या ठिपक्याकडे पाहत असताना मनात आले. घरी कानस किंवा पॉलिशपेपरने कड घासण्याचा मोह मला यापूर्वी झाला होता. आपल्याला जागा दिसत नाही आणि आपण भलतीच कड उडवतो, मग कवळी ढिली होते, तेव्हा तो मोह आवरलेला बरा. तीन दिवसांत ती जखम बुजली.

खर्चाचा हिशेब असा: सुरुवातीचे घरगुती उपाय आणि खासगी तपासणी ६७५, केसपेपर ३०, रक्ततपासण्या ११५०, बायॉप्सी ५००, औषधे व इंजेक्शने ८६०, अस्तर २००, कवळी २४००, आणि सतरा फेऱ्यांचे रिक्षाभाडे २०४०, एकूण ७८५५ रुपये. माझ्या जुन्या कार्यालयाकडे निवृत्तांसाठी वैद्यकीय खर्चाच्या परताव्याची सोय आहे, तेथे मी मार्चमध्ये अर्ज केला. कवळी ‘कृत्रिम साधन’ म्हणून नाकारली गेली, तपासण्या आणि बायॉप्सी मान्य होऊ शकतात असे सांगितले, त्यासाठी मूळ पावत्या, केसपेपरची साक्षांकित प्रत आणि ‘उपचार आवश्यक होते’ असे महाविद्यालयाच्या शिक्क्याचे पत्र मागितले. शिक्क्याच्या पत्रासाठी अर्ज वेगळ्या खिडकीवर द्यावा लागतो आणि ते आठवड्याने मिळते. पावत्या उष्णतेने फिक्या पडणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात, म्हणून मिळाल्या त्याच दिवशी झेरॉक्स काढाव्यात. माझी रक्ततपासणीची पावती मार्चपर्यंत निम्मी पुसली गेली होती. १६५० रुपयांचा परतावा जूनच्या शेवटी खात्यात जमा झाला.

ऑगस्टमध्ये सहा महिन्यांच्या तपासणीला गेलो. साखरेचा आकडा ७.१ वर आला होता, टाळू फिकट गुलाबी होती, ओठांच्या कोपऱ्यातली डावी चीर मात्र पूर्ण गेलेली नव्हती. माझी डॉक्टर परीक्षेनंतर तेथून गेली होती, तिच्या जागी आलेल्या मुलाने केसपेपरची मागची पाने उलटून वाचली आणि पहिलाच प्रश्न विचारला: रात्री काढून ठेवता का? मी पिशवीतून झाकणाची वाटी काढून दाखवली. त्याने पुढची तारीख फेब्रुवारीची लिहिली आणि येण्याआधी नवा केसपेपर काढावा लागेल असे सांगितले, कारण जुन्यावर शिक्क्याला जागा उरलेली नाही.